पफ वरून लाल, खालून ओला: भाऊबीजेच्या तीस पाहुण्यांसाठी खारे पदार्थ कसे करावेत

ताई, तुमची अडचण थोडक्यात अशी. भाऊबीजेला संध्याकाळी घरी तीस माणसं जमणार. चार दिवस लाडू-करंज्या खाऊन सगळ्यांची तोंडं गोडानं मिटलेली असणार, म्हणून पफचे खारे, तिखट, एका-दोन घासांचे पदार्थ करायचेत. घरात २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आहे. गेल्या वर्षी पफची तयार शीट, म्हणजे लाटून गोठवलेली कणीक, आणून पॅटीस केले. ते वरून लाल झाले, खालून चिकट राहिले आणि ट्रेमध्ये तेलाचं तळं साचलं. शिवाय थर्टी फर्स्टला हेच खिमा भरून जमेल का, असं विचारलंय.

मी सोळाव्या वर्षी बेकरीच्या पाटावर उभा राहिलो, आता पन्नाशी ओलांडली. तुम्ही सारणाची कृती एवढी तपशिलात लिहिली आहे, पण माझ्या मते बिघाड तिथं नव्हताच. शीट ओट्यावर मऊ पडली असणार, सारण कोमट असणार आणि ओटीजी पुरता तापलेला नसणार. पफला भट्टीत जाईपर्यंत गारवा लागतो आणि आत गेल्या क्षणी कडक ताप लागतो. मधलं कोमट त्याला सोसत नाही. पुढं मी जे काही सांगणार आहे ते सगळं याच्याभोवती फिरतं.

चिरोटे घरी केले असतील तर निम्मं काम तुम्हाला येतंच. चिरोट्याला आपण तूप फेसून त्यात तांदळाची पिठी घालतो, तो साटा पोळीला लावतो, पोळ्या एकावर एक ठेवतो, गुंडाळी करतो. पफमध्ये साट्याच्या जागी लोणी असतं. फरक एवढाच की तुपात पाणी नसतं, आणि चिरोट्याचे पदर कढईतलं तेल सोडवतं. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. भट्टीत हे पाणी आणि कणकेतलं पाणी वाफ होऊन दीड हजारपटीहून जास्त फुगतं, वरचा पदर ढकलतं, आणि वितळलेलं लोणी दोन पदरांना एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणून पफमध्ये सोडा नाही, यीस्ट नाही, तरी तो चौपट उंच होतो. फ्रेंच लोक याला पात फ्युइते म्हणतात, म्हणजे पानापानांचं पीठ. अगदी चपखल नाव आहे.

आता हे लोणी जर लाटतानाच वितळून कणकेत मुरलं, तर पदर राहतच नाहीत. मग भट्टीत ते बाहेर पाझरतं. तुमचं तेलाचं तळं ते हेच.

आमचे उस्ताद आम्हाला रात्री अडीचला उठवायचे. मला वाटायचं, सकाळची खारी लवकर दुकानात जावी म्हणून. बरीच वर्षं मी तेच समजत होतो. एकदा मे महिन्यात त्यांना ताप आला आणि मी शहाणपणा करून दुपारी दोनला पफ लाटायला घेतला. पाचव्या मिनिटाला पाट तुपकट, दहाव्या मिनिटाला लाटण्याला कणीक, आणि भट्टीतून निघाली ती खारी नव्हे, तळलेली पुरी म्हणावी अशी काहीतरी चीज. अकरा किलो माल गेला. उस्ताद बरे होऊन आले तेव्हा रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "लोणी झोपेत असतंय तवाच घडी मारायची." बटर ३२ ते ३५ अंशांत वितळतं, आणि आपल्या तळहाताची ऊबही जवळपास तेवढीच. म्हणजे तुमचा हातच त्याचा वैरी.

दिवाळीत कोल्हापुरात एक सोय आपोआप होते. ऑक्टोबरचा चटका ओसरत आलेला असतो आणि पहाटे गारवा असतो. अभ्यंगस्नानाला उठताच, तर त्यातल्या एखाद्या पहाटे पफ उरकून टाका. ओटा कडप्प्याचा असेल तर उत्तमच. बर्फाचा ट्रे दहा मिनिटं त्यावर फिरवा, पुसून कोरडा करा. संगमरवरी पाट आणायची गरज नाही.

तयार शीटबद्दल आधी सांगून टाकतो, कारण तो सोपा रस्ता आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. शीट फ्रीजरमधून काढून थेट ओट्यावर ठेवू नका. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर ठेवली की बाहेरून पातळ आणि आतून दगड होते, उलगडताना चिरते, आणि त्या चिरांतून तूप गळतं. पाकिटामागचे घटक वाचा. बहुतेकांत बटर नसतं, पफ मार्जरीन असतं. २०२२ पासून आपल्याकडे तेल, वनस्पती, मार्जरीन यांत ट्रान्सफॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आली आहे, त्यामुळं पूर्वीइतकं घाबरायचं कारण नाही. पण मार्जरीन तोंडाच्या उबेला नीट वितळत नाही, टाळूला मेणासारखं चिकटून राहतं. आम्ही बेकरीवाले ते वापरतो कारण उन्हाळ्यात ते टिकतं आणि स्वस्त पडतं. घरच्या तीस माणसांसाठी मी वापरणार नाही. आणखी एक वाट आहे: ओळखीच्या बेकरीत एक दिवस आधी सांगितलं तर काही जण कच्चा पफ किलोवर देतात. विचारायला काय जातंय.

पण माझं ऐकाल तर घरी करा, आणि तेही झटपट पद्धतीनं. पूर्ण पफ, म्हणजे लोण्याची सलग लादी कणकेत बंद करून सहा घड्या, हा घरच्या ओट्यावर पहिल्यांदाच करायचा प्रकार नाही. तीन पदरी घडी सहा वेळा मारली तर लोण्याचे ७२९ थर होतात. पॅटीसला एवढे लागत नाहीत. चार घड्यांत ८१ होतात आणि तेवढे पुरून उरतात.

तुमच्या तीस माणसांसाठी हिशोब. माणशी चार नग धरा, म्हणजे १२० नग. त्यासाठी पाऊण किलो मैदा, ५५० ग्रॅम बटर, साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे मिली बर्फाचं पाणी, दोन चहाचे चमचे लिंबाचा रस. बटर मीठवालं पिवळं असेल तर पिठात अर्धा-पाऊण चमचा मीठ पुरे, बिनमिठाचं असेल तर दोन चमचे. लिंबानं कणीक सैल पडते, लाटताना आखडत नाही. हे सगळं दोन भागांत करा. एकदम एवढा गोळा घरच्या लाटण्याला आवरत नाही, आणि एक लाटताना दुसरा फ्रीजमध्ये राहतो.

घरचं लोणी चालेल का, हा प्रश्न मला प्रत्येक वर्गात विचारला जातो. कोल्हापूरच्या गंगावेशीतून दूध आणून विरजण लावणाऱ्या घरांतून तर हमखास. चवीला त्याच्यासारखं काही नाही, पण त्यात ताकाचं पाणी किती राहिलंय याचा भरवसा नसतो आणि ते फार लवकर ढिलं पडतं. ते थालीपिठावर घ्या. तूप नको, कारण त्यात पाणीच नाही. पदर येतील पण तेवढे फुगणार नाहीत. वनस्पती नको, कारण चव नाही.

बटरचे बोराएवढे तुकडे करून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. मैदाही तासभर फ्रीजमध्ये ठेवलात तर बरं. मैद्यात तुकडे टाका, बोटांच्या टोकांनी जरासे चपटे करा, पण चोळू नका. शंकरपाळ्याला आपण मोहन चोळतो तसं इथं अजिबात करायचं नाही, ही सवय मोडायला बायकांना सगळ्यात जड जातं. तुकडे दिसले पाहिजेत. मग बर्फाचं पाणी आणि लिंबू थोडं थोडं घालत गोळा करा. तो ओबडधोबड, भेगाळलेला, मध्ये लोण्याचे पांढरे डाग असलेला दिसेल. तुम्हाला वाटेल बिघडलं. बिघडलेलं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, हातानं चौकोनी दाबून अर्धा तास फ्रीजमध्ये.

नंतर पिठी भुरभुरून लाटा, साधारण २० सेंटिमीटर रुंद आणि ५० लांब. लाटणं मागं-पुढं ओढू नका. आधी दाब देत देत चपटं करा, मग लाटा. जास्तीची पिठी ब्रशनं झाडून टाका, नाहीतर पदर कोरडे राहतात. पत्र दुमडतो तशी तीन पदरी घडी. पाटावर पाव फेरी फिरवा, पुन्हा लाटा, पुन्हा घडी. दोन घड्या झाल्या की अर्धा तास फ्रीज. परत दोन घड्या, परत फ्रीज, या वेळी निदान तासभर, रात्रभर राहिला तर अजून चांगला. तिसऱ्या घडीपर्यंत कणीक मखमलीसारखी होते, डाग पट्ट्यांत बदलतात. मध्येच लोणी ओलसर, चकचकीत दिसलं की जिथं असाल तिथं थांबा आणि फ्रीजमध्ये ठेवा. उलट फ्रीजमधून काढल्याबरोबर वाकवून बघा. कडकडून तुटत असेल तर पाच मिनिटं बाहेर ठेवा. वाकला पाहिजे पण मळता येऊ नये, असा.

आता काय करायचं. लोक पफचे दहा प्रकार करायला जातात आणि दहाही अर्धवट होतात. तीन करा. त्यात एक कोरडा, जो आधी भाजून डब्यात ठेवता येतो. एक सुरळीचा, ज्याला भरायला वेळ लागत नाही. आणि एकच भरलेला. माझी निवड: चटणीच्या पिळाच्या काड्या, कोरड्या चटणीच्या सुरळ्या आणि छोटे पॅटीस.

चटणी म्हणजे आपली कांदा-लसणाची, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली. बाहेरगावच्या वाचणाऱ्यांना सांगतो, कोल्हापुरात नुसतं चटणी म्हटलं की हीच, ताटात डावीकडं वाढतात ती नव्हे. पफवर ती वरून भुरभुरली तर दोनशे अंशांत लसूण जळतो आणि कडू लागतो. म्हणून ती आत जायला हवी. कणकेचा चारशे ग्रॅमचा तुकडा ३० बाय ४० सेंटिमीटर लाटा, दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा. निम्म्या भागावर दोन सपाट चमचे चटणी आणि ऐंशी ग्रॅम किसलेलं चीज पसरा, दुसरा निम्मा भाग त्यावर झाका, लाटणं फिरवून चिकटवा आणि ३० बाय ३० होईपर्यंत लाटा. मधोमध कापून दोन आयत, मग दीड सेंटिमीटरच्या पट्ट्या. चाळीस होतात. प्रत्येकीला तीन पीळ द्या, दोन्ही टोकं ट्रेवर दाबून चिकटवा, नाहीतर भाजताना पीळ सुटतो. दोन दिवस आधी केल्या तरी हवाबंद डब्यात कुरकुरीत राहतात. चीज न घालता केल्या तर चार-पाच दिवस. कांदा-लसूण न खाणारे कोणी येणार असतील तर त्यांच्यासाठी ओवा, जिरं आणि जाडसर मिरी. हा जोड काही कमी नाही.

सुरळ्या ही माझी आवडती गोष्ट, आणि तीही आपल्याच घरातून सुचलेली. पफला ओल सोसत नाही. हिरवी चटणी, टोमॅटोचा सॉस, हे भरलं की आतले पदर भिजून गच्च होतात. पण आपल्याकडं कोरड्या चटण्यांची काय कमी आहे? दाण्याची, जवसाची, कारळ्याची. ३० बाय ४० चा पफ लाटा, दाण्याची चटणी पातळ पसरा, लाटण्यानं हलकं दाबा. मग चाळीस सेंटिमीटरच्या दोन्ही कडांकडून मध्यापर्यंत गुंडाळत या, अळूवडी दोन बाजूंनी गुंडाळल्यासारखी. अर्धा तास फ्रीजरमध्ये, मग धारदार सुरीनं एक सेंटिमीटरच्या चकत्या. ट्रेवर आडव्या ठेवायच्या. भाजताना त्या बाजूला फुलतात, हृदयाच्या आकाराच्या होतात, म्हणून दोन बोटं अंतर सोडा. दहा-बारा मिनिटांनी एकदा उलटा. कारळ्याची मला सगळ्यात आवडते, तिचा किंचित कडसर, भाजका वास बटरमध्ये जो काय उतरतो, नाद खुळा. मात्र काळ्या चकत्या बघून कोणीतरी "करपल्या काय?" विचारणारच, तयारी ठेवा.

आता पॅटीस. इथंच तुमचं खालून चिकट राहिलं होतं, म्हणून जरा सविस्तर.

बटाटे आदल्या दिवशी उकडून सालासकट फ्रीजमध्ये ठेवा. गार बटाट्यातली ओल आवरते, तो चिकट होत नाही. अर्धा किलो बटाटा, दीडशे ग्रॅम मटार. फोडणीत कांदा घालाल तर तो पुरता परतून त्याचं पाणी उडवा. सारण कढईच्या तळाला चिकटायला लागेपर्यंत परता. मग ताटात पसरून पंख्याखाली, आणि नंतर फ्रीजमध्ये. कोमट सारण पफवर ठेवलं की खालचं लोणी तिथल्या तिथं वितळतं आणि तो पदर कायमचा मेला. भट्टीत कितीही ठेवा, तिथं पिठाची पेजच राहणार.

यापेक्षा एक सोपं आणि माझ्या मते जास्त चांगलं सारण सांगू? कोरडा झुणका. बेसन ओल पिऊन घेतं, म्हणून तो पफसाठीच जन्माला आल्यासारखा आहे. कांदा जास्त, तेल नेहमीपेक्षा कमी, वरून कोथिंबीर, आणि मोकळा, सुटसुटीत होईपर्यंत वाफवून परतलेला. पहिल्यांदा मी हे एका साखरपुड्याच्या ऑर्डरला भीत भीत दिलं होतं. बटाट्याचे उरले, झुणक्याचे संपले. मोड आलेल्या मटकीची उसळ घालायची असेल, मिसळीची आठवण म्हणून, तर कट अजिबात नको, आणि सारणाखाली चिमूटभर चुरलेली शेव किंवा फरसाण पेरा. ते ओल शोषून घेतं. ही युक्ती कुठल्याही सारणाला चालते. वांगं, कोबी, भोपळी मिरची, मशरूम यांच्या वाटेला जाऊ नका; यांचं पाणी भट्टीत गेल्यावर सुटतं.

कणीक २८ बाय ४२ लाटा, तीन मिलिमीटर जाड. सात सेंटिमीटरचे २४ चौकोन निघतात. चाळीस नगांना साधारण सातशे ग्रॅम कणीक लागेल. कापताना सुरी ओढू नका, वरून सरळ दाबा, आणि सुरी धारदार हवी. बोथट सुरीनं कडा दाबल्या जातात, पदर एकमेकांना शिवले जातात आणि ती बाजू फुगत नाही. पॅटीस एका अंगानं वाकडा होतो तो याचमुळं. मध्ये एक छोटा चमचा सारण, पंधरा-सोळा ग्रॅम, जास्त नाही. लोभ इथं नडतो. दोन कडांना बोटानं पाणी, त्रिकोणी घडी, काट्यानं हलकं दाबून बंद, वर सुरीच्या टोकानं एक छेद वाफेला. वरून ब्रशनं दूध लावा, त्यात चिमूटभर साखर विरघळवून, म्हणजे रंग येतो. अंडं चालत असेल तर अंड्याचा रंग अर्थातच उजवा. दूध असो की अंडं, कापलेल्या कडेवरून ओघळू देऊ नका. ओघळ वाळला की तो गोंदासारखा पदर धरून ठेवतो.

भरून झालं की हे सगळे कच्चे नग ट्रेवर ठेवून फ्रीजरमध्ये कडक करा, दोन तास पुरतात, मग डब्यात बटरपेपरचे थर घालून रचा. महिनाभर राहतात. भाजताना वितळवायचे नाहीत, थेट गोठलेले भट्टीत, फक्त चार-पाच मिनिटं जास्त. सोपं म्हणतात ते मला विचाराल तर हेच आहे. कमी कामाची पाककृती शोधू नका. पाहुणे दारात असताना तुमच्या हाताला पीठ नसलं की झालं.

ओटीजी. त्यावरचा आकडा आणि आतला ताप यांत वीस-तीस अंशांचा फरक मी कितीतरी घरांत बघितलाय. आत ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. आमच्या भट्टीत कागदाचा तुकडा टाकून तो किती वेळात तांबूस होतो यावरून ठरायचं, पण ते शिकायला दोन वर्षं आणि बरीच करपलेली खारी लागते. २१० अंशांवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून, निदान वीस मिनिटं तापवा. दिवा विझला म्हणजे तापला असं नाही. आणि एक रिकामा ट्रे आतच तापत ठेवा. गोठलेले पॅटीस बटरपेपरसकट उचलून त्या तापल्या ट्रेवर सरकवायचे. खालून बसलेला हा एकदम चटका चिकटपणाचा निम्मा इलाज आहे. मधल्या कप्प्यात ठेवा. २१० वर पहिली बारा मिनिटं, मग १८० वर आणखी बारा ते पंधरा. पॅटीस आत असताना पहिली पंधरा मिनिटं दार उघडलं तर वाफ गेली आणि पफ बसला, तो परत उठत नाही. मुलांना आधीच बजावून ठेवा.

झाला कसा ओळखायचा? वरचा रंग बघून नाही. वर लाल दिसतो तेव्हा आत बहुतेक कच्चाच असतो. गेल्या वर्षी तुम्ही तिथंच काढलात, असा माझा कयास. एक उचलून तळ बघा, तो बिस्किटासारखा तपकिरी हवा, आणि हातात हलका लागला पाहिजे. वर करपायला लागलं तर फॉइल झाका, पण काढू नका. काढल्यावर ताटात रचू नका, जाळीवर ठेवा. ताटात खालच्याला घाम फुटतो.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्येही जमतं, जरा कमी फुगतं. एअर फ्रायरमध्ये काड्या छान होतात, पण पॅटीसचे वरचे पदर पंख्यानं उडतात. कढईत मीठ तापवून करायचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका.

२८ लिटरच्या ट्रेवर साधारण वीस नग बसतात. १२० नगांना सहा ट्रे, प्रत्येकी पंचवीस मिनिटं, म्हणजे अडीच तास. ते संध्याकाळी शक्य नाही. म्हणून काड्या पाडव्याच्या दिवशी भाजून डब्यात. सुरळ्या भाऊबीजेला दुपारी. संध्याकाळसाठी फक्त पॅटीसचे दोन ट्रे उरले. पहिला पाहुणे यायच्या अर्धा तास आधी, दुसरा ओवाळणं चाललेलं असताना. गार झालेलं परत गरम करायचं असेल तर १६० वर सहा-सात मिनिटं ओटीजीतच. मायक्रोवेव्हमध्ये घातलं की चामडं होतं. कणीक मात्र धनत्रयोदशीच्या आसपास करून टाका, आणि सारण पाडव्याच्या आदल्या दिवशी.

थर्टी फर्स्टचा खिमा. अर्धा किलो मटणाचा खिमा आलं-लसूण, कांदा, चटणी घालून पूर्ण शिजवा आणि मग पाणी आटवून कोरडा परता. रस्सा नावालाही नको. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबी पांढरी थिजलेली दिसेल, ती खरवडून काढा (टाकू नका, भाकरीबरोबर बघा). मग दोन चमचे डाळ्याची पूड मिसळा, ती उरलासुरला ओलावा धरते. आकार पॅटीससारखाच, किंवा लांबट गुंडाळी करून तिरके तुकडे. त्या दिवशी शाकाहारी नगांचा ट्रे आणि ब्रश वेगळा ठेवा आणि वरच्या छेदाची खूण वेगळी करा, नाहीतर भाजल्यावर सगळे सारखेच दिसतात. डिसेंबरच्या थंडीत पफ लाटायला दिवाळीपेक्षाही सोपा जातो. आणि तांबडा रस्सा लहान पेल्यांतून द्या, शेजारी चटणीच्या काड्या. चहात खारी बुडवणाऱ्या गावाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

एक राहिलं. कापताना उरलेली कात्रणं गोळा करून मळू नका, पदर मोडतात. एकावर एक रचा, दाबा, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून लाटा, जिरं पेरून चौकोनी तुकडे करा आणि २०० वर भाजा. तीसजणांच्या कात्रणांतून डबाभर खारी निघते. ती पाहुण्यांपुढं मांडू नका, दुसऱ्या दिवशी सकाळच्या तुमच्या चहाला ठेवा.